दीप्तिपल्ला, छायाचित्राचा

छायाचित्रातील सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या भागांच्या दीप्तींचे गुणोत्तर म्हणजे त्या छायाचित्राचा दीप्तिपल्ला होय. पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळाकडून पाहणाऱ्याच्या दिशेने येणाऱ्या प्रकाशाच्या मापास दीप्ती म्हणतात व ती कँडेला प्रती चौ. मी. या एककात मोजतात. चित्रातील पांढरा भाग काळ्या भागाच्या शंभरपट दीप्तिमान असल्यास त्याचा पल्ला १००:१ आहे असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत छायाचित्र मुख्यतः कागदावर पाहिले जाई. त्यानंतर ते प्रामुख्याने संगणक, दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी यांच्या पडद्यांवर पाहिले जाऊ लागले. कागद आपल्यावर पडलेला प्रकाश परावर्तित करतो, तर पडदा स्वतःच प्रकाश देतो. या भेदामुळे दोहोंचे पल्ले केवळ लहान-मोठे नसून भिन्न स्वरूपाचे आहेत. कागदाचा पल्ला अरुंद पण बराचसा स्थिर असतो. पडद्याचा पल्ला रुंद असला, तरी तो खोलीतील उजेडानुसार कमीजास्त होतो. या दोन पल्ल्यांचे मापन कसे होत गेले आणि जुन्या छायाचित्रांच्या जतनाच्या दृष्टीने त्यांतील भेदाला कोणते महत्त्व आहे, याचे विवेचन येथे केले आहे.

कागदाची मर्यादा : छायाचित्रणाचा स्वच्छ पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सु. ९० टक्के प्रकाश परत पाठवितो. याहून अधिक पांढरा कागद करण्यास फारसा वाव नाही. त्यामुळे पल्ल्याची वरची मर्यादा ठरून जाते. खालची मर्यादा काळ्या रंगावर अवलंबून असते. चांदीचे सूक्ष्म कण कितीही दाट बसविले, तरी कागदाचा काळा भाग पूर्णपणे काळा होत नाही. याचे कारण चांदीत नसून पृष्ठभागात आहे. हवेतून जिलेटिनाच्या थरात शिरताना सु. ४ टक्के प्रकाश वरच्या पृष्ठावरूनच परततो आणि तो चांदीच्या कणांपर्यंत पोहोचतच नाही. चकचकीत कागदावर हा प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने जातो व चित्र थोडे तिरपे धरून तो टाळता येतो. निस्तेज (चकाकी नसलेल्या) कागदावर तो सर्व दिशांना विखुरतो व काळ्या भागावर राखी झाक आणतो. म्हणून चकचकीत कागदावर सु. १००:१ किंवा त्याहून काहीसा अधिक पल्ला मिळतो, तर निस्तेज कागदावर तो सु. ३०:१ ते ५०:१ इतकाच असतो. वृत्तपत्राच्या कागदावर तो १०:१ च्या आसपास येतो.

आरंभीच्या प्रक्रिया : छायाचित्रणाच्या कागदांचा इतिहास हा एका अर्थी अधिक गडद काळा रंग मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. इ. स. १८३९ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज शास्त्रज्ञांनी जाहीर केलेल्या प्रक्रियेत मिठाच्या विद्रावात भिजविलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव लावीत असत. अशा कागदावरील प्रतिमा तंतूंमध्येच तयार होई. त्यामुळे ती मृदू व निस्तेज दिसे आणि तिचा काळा भाग फारसा गडद नसे. १८५० मध्ये लूई देझीरे ब्लांकार-एव्हरार यांनी फ्रान्समध्ये अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद प्रचारात आणला. या थरामुळे प्रतिमा तंतूंच्या वर राहू लागली, पृष्ठास तकाकी आली आणि पल्ला वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कागद जगभर वापरला गेला. शतकाच्या अखेरीस बेरियम सल्फेटाचा पांढरा थर व त्यावर सिल्व्हर हॅलाइडे असलेले जिलेटिनाचे पायस अशा रचनेचे कागद त्याची जागा घेऊ लागले. बेरियम सल्फेटामुळे पांढरा भाग अधिक पांढरा झाला व जिलेटिनामुळे काळा भाग अधिक काळा झाला. विसाव्या शतकातील कृष्णधवल छायाचित्रण मुख्यतः याच कागदावर उभे होते.

मापनाची सुरुवात : पल्ल्याची चर्चा दीर्घकाळ केवळ अनुभवावर चाले. तिला गणिती रूप देण्याचे श्रेय फर्डिनांड हुर्टर हे स्विस रसायनशास्त्रज्ञ व व्हीरो चार्ल्स ड्रिफील्ड हे इंग्रज अभियंते यांना दिले जाते. हे दोघेही इंग्लंडमधील विडनेस येथे रासायनिक उद्योगात काम करीत. १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी काचपट्टीवरील काळेपणा घनता या राशीने मोजला. पडलेला प्रकाश आणि पार गेलेला प्रकाश यांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम म्हणजे घनता. कागदाच्या बाबतीत पार गेलेल्या प्रकाशाऐवजी परावर्तित प्रकाश घेतात. घनतेत १ चा फरक म्हणजे दीप्तीत दहापट फरक व २ चा फरक म्हणजे शंभरपट फरक होय. पडलेला एकूण प्रकाश आणि त्यामुळे निर्माण झालेली घनता यांचा आलेख काढल्यास त्याचा मधला भाग जवळजवळ सरळ असतो आणि दोन्ही टोके वाकलेली असतात, हे त्यांनी दाखविले. अतिशय काळोख्या व अतिशय उजळ भागांतील बारकावे छायाचित्रात का हरवतात, याचे स्पष्टीकरण या वाकलेल्या टोकांत मिळाले.

यापुढील महत्त्वाचे कार्य अमेरिकेतील रॉचेस्टर येथील कोडॅक संशोधन प्रयोगशाळेत झाले. एल्. ए. जोन्स यांनी १९२० मध्ये मूळ दृश्याच्या दीप्तीपासून व्यस्त प्रतीमार्गे मुद्रित प्रतीपर्यंतचा प्रवास आलेखांच्या साहाय्याने दाखविण्याची पद्धती मांडली. पुढे १९४१ मध्ये जोन्स व एच्. आर्. काँडिट यांनी घराबाहेरील शंभराहून अधिक दृश्यांच्या दीप्ती मोजून प्रसिद्ध केल्या. त्यांना आढळलेला सर्वांत लहान पल्ला २७:१ व सर्वांत मोठा ७६०:१ होता. सरासरी पल्ला सु. १६०:१ होता. म्हणजे साध्या घराबाहेरील दृश्याचा पल्लादेखील चांगल्या चकचकीत कागदात मावत नाही, हे आकड्यांनी सिद्ध झाले. घरातील काळोख आणि खिडकीबाहेरील ऊन एकाच चित्रात आल्यास पल्ला याहून कितीतरी मोठा होतो.

अरुंद पल्ल्यात दृश्य बसविण्याचे उपाय : ही अडचण मापनापूर्वीही जाणवत होतीच. आरंभीची पायसे निळ्या प्रकाशास अतिसंवेदी असल्यामुळे आकाश पार पांढरे होई. १८५०–६० या दशकात फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे यांनी काही समुद्रदृश्यांसाठी आकाश व पाणी यांच्या दोन स्वतंत्र व्यस्त प्रती घेऊन त्या एकाच कागदावर मुद्रित केल्या. पुढे अंधाऱ्या खोलीत मुद्रण करताना चित्राचा काही भाग हाताने झाकून उजळ ठेवणे व काही भागास अधिक प्रकाश देऊन गडद करणे, हे तंत्र सार्वत्रिक झाले. उजळ-काळ्यातील फरक कमीअधिक दाखविणाऱ्या कागदांच्या निरनिराळ्या प्रती बाजारात आल्या. इलफर्ड या ब्रिटिश कंपनीने १९४० मध्ये आणलेल्या ‘मल्टिग्रेड’ या कागदावर गाळणी बदलून एकाच कागदातून हे सर्व परिणाम साधता येऊ लागले.

या तंत्राला शिस्तबद्ध रूप दिले ते अँसेल ॲडम्स व फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी. लॉस अँजेल्स येथे अध्यापन करीत असताना १९३९–४० च्या सुमारास त्यांनी पूर्ण काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे क्रमांकित विभाग पाडणारी ‘झोन पद्धती’ तयार केली. दृश्यातील कोणता भाग मुद्रित प्रतीत कोणत्या विभागात यावा, हे छायाचित्रकाराने चित्र घेण्यापूर्वीच ठरवावे आणि त्यानुसार प्रकाशन व विकसन यांचा काळ निश्चित करावा, असे तिचे सूत्र आहे. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मुद्रित छायाचित्र ही दृश्यातील दीप्तींची नक्कल नसून अरुंद पल्ल्यात केलेली त्यांची विचारपूर्वक मांडणी असते. प्रतीतील काळा भाग किती काळा असावा, हा निर्णय तिच्या आशयाचाच भाग होय.

सभोवतालचा परिणाम : पारदर्शिका (स्लाइड) हे कागद आणि पडदा यांमधील माध्यम म्हणता येईल. तीमधून प्रकाश पार जात असल्यामुळे वरच्या पृष्ठावरील परावर्तनाचा अडथळा उरत नाही व तिचा पल्ला १,०००:१ च्या पुढे जाऊ शकतो. परंतु अंधाऱ्या खोलीत टाकलेले हे चित्र अपेक्षेइतके ठसठशीत वाटत नाही, असे आढळून आले. सी. जे. बार्टलसन व ई. जे. ब्रेनेमन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचे कारण मोजमापासह पुढे आले. चित्राभोवती काळोख असल्यास त्यातील गडद भाग डोळ्याला आहेत त्यापेक्षा उजळ भासतात आणि एकूण चित्र फिके वाटते. म्हणून अंधारात पाहावयाच्या चित्रात उजळ-काळ्यातील फरक मुद्दाम वाढवावा लागतो. उजेडात पाहावयाच्या कागदी प्रतीस अशा वाढीची गरज नसते. दोन चित्रांचा मोजलेला पल्ला सारखा असूनही ती भिन्न दिसू शकतात, हा येथील महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

पडद्याचा पल्ला : कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या ऋण किरण नलिकेपासून दूरचित्रवाणीचा व पुढे संगणकाचा पडदा विकसित झाला. या नलिकेत विद्युत् दाब दुप्पट केला तर दीप्ती दुप्पट होत नाही. ती दाबाच्या सु. २·५ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा गुणधर्म इलेक्ट्रॉन झोताच्या रचनेतून आलेला आहे. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात संकेतावर याच्या उलट संस्कार करतात. परंतु तो नेमका पुरा न करता थोडा कमी ठेवतात. दूरचित्रवाणी मंद प्रकाशाच्या खोलीत पाहिली जाते व तेथे उजळ-काळ्यातील फरक थोडा वाढलेलाच हवा असतो, हे त्यामागील कारण होय. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी संगणकाच्या पडद्यासाठी एक समान रंगव्यवस्था सुचविली व १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. तीत पडद्याच्या पांढऱ्याची दीप्ती ८० कँडेला प्रती चौ. मी. धरलेली असून भोवतालचे प्रदीपन ६४ लक्स, म्हणजे बरेच मंद, गृहीत धरलेले आहे.

भोवतालच्या उजेडाचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या पडद्याचा पांढरा भाग १०० व काळा भाग ०·१ कँडेला प्रती चौ. मी. इतका दीप्तिमान आहे. अंधारात त्याचा पल्ला १,०००:१ होईल. आता खोलीतील दिव्यांमुळे पडद्यावर १०० लक्स प्रदीपन पडले आणि त्यातील फक्त २ टक्के प्रकाश पडद्याने विखरून परत पाठविला, तर पांढऱ्यात व काळ्यात सारखीच सु. ०·६४ कँडेला प्रती चौ. मी. इतकी भर पडते. पांढऱ्याला ती जाणवतही नाही. काळा मात्र सातपटींहून अधिक उजळ होतो व पल्ला सु. १३६:१ वर येतो. अंधारात दहापट श्रेष्ठ असलेला पडदा साध्या दिवाणखान्यात चकचकीत कागदाच्या जवळपास येतो, तो असा.

कागद व पडदा यांची तुलना : कागदाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्यावर पडणारा उजेड वाढला की त्याचा पांढरा आणि काळा भाग एकाच प्रमाणात उजळतात व गुणोत्तर कायम राहते. ९० टक्के परावर्तन करणारा पांढरा व ०·९ टक्का परावर्तन करणारा काळा अशी १००:१ पल्ल्याची प्रत घेतल्यास ५०० लक्स प्रदीपनात पांढऱ्याची दीप्ती सु. १४३ व काळ्याची सु. १·४ कँडेला प्रती चौ. मी. होते. तीच प्रत सु. १,००,००० लक्सच्या भर उन्हात नेली, तर पांढऱ्याची दीप्ती सु. २८,६०० व काळ्याची सु. २८६ कँडेला प्रती चौ. मी. होते. म्हणजे उन्हातील प्रतीचा काळा भाग मेजावरील दिव्याखालच्या त्याच प्रतीच्या पांढऱ्या भागापेक्षा दुप्पट दीप्तिमान असतो. तरीही पाहणाऱ्यास तो काळाच दिसतो. कारण डोळा भोवतालच्या उजेडाशी जुळवून घेतो व निरपेक्ष दीप्तीपेक्षा गुणोत्तरांवर अधिक भर देतो.

पडद्यावर उत्तम दिसलेले चित्र कागदावर काळवंडलेले येते, ही मुद्रणातील सर्वपरिचित अडचणही यावरून उलगडते. पडदा २५० कँडेला प्रती चौ. मी. इतका तेजस्वी ठेवून चित्रावर संस्कार केले आणि मुद्रित प्रत २०० लक्सच्या खोलीत पाहिली, तर तिच्या पांढऱ्याची दीप्ती जेमतेम ५७ कँडेला प्रती चौ. मी. भरते. दोष मुद्रणयंत्रात किंवा कागदात नसून दोन पांढऱ्यांच्या असमानतेत असतो. यावर उपाय म्हणून मुद्रणव्यवसायात पाहण्याच्या परिस्थितीचेच प्रमाणीकरण करण्यात आले. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रतींच्या काटेकोर तुलनेसाठी २,००० लक्स व सर्वसाधारण परीक्षणासाठी ५०० लक्स प्रदीपन वापरतात. पडदा आणि कागद शेजारी ठेवून पाहताना पडद्याची दीप्ती कागदाच्या पांढऱ्याइतकी खाली आणणे, हा त्यातील व्यवहार्य नियम आहे.

विस्तृत पल्ल्याचे पडदे : द्रवस्फटिकाच्या पडद्यात मागील दिव्याचा थोडा प्रकाश बंद खिडकीच्या फटीतून यावा तसा काळ्या भागातूनही झिरपतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी मागील अखंड दिव्याऐवजी स्वतंत्रपणे मंद करता येणाऱ्या लहान दिव्यांची जाळी बसवून हा दोष कमी केला. त्याचे वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते तंत्र विकसित करणारी ब्राइटसाइड ही कंपनी २००७ मध्ये डॉल्बी कंपनीने विकत घेतली. दुसरा मार्ग कार्बनी संयुगांच्या प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थांचा. त्यांत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो व बंद केल्यावर खरोखर काळा होतो. या द्विप्रस्थांचा पाया घालणारा निबंध सी. डब्ल्यू. टँग व एस्. ए. व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. हे दोघेही कोडॅक कंपनीचेच संशोधक होते. कागदी छायाचित्राच्या पल्ल्याचे शास्त्र रचणाऱ्या संस्थेतूनच त्या कागदाची जागा घेणाऱ्या पडद्याचा उगम व्हावा, हे लक्षणीय आहे. २०१४ मध्ये चलच्चित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने १०,००० कँडेला प्रती चौ. मी. पर्यंतच्या दीप्ती नोंदविणारे संकेतमानक स्वीकारले. यात दीप्तीचे आकडे निरपेक्ष असतात. पांढऱ्याच्या तुलनेत सर्व छटा ठरविण्याच्या छायाचित्रणातील जुन्या प्रथेपासून हा मोठा बदल होता.

पल्ला वाढल्याने छटा बसविण्याचे काम मात्र संपले नाही. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी कमीअधिक प्रकाशनाची अनेक छायाचित्रे एकत्र करून दृश्याचा संपूर्ण पल्ला नोंदविण्याची पद्धती मांडली. ती ल ग्रे यांच्या दोन व्यस्त प्रतींची आठवण करून देते. असा पल्ला साध्या पडद्यावर वा कागदावर आणताना तो पुन्हा आवळावा लागतो. त्यासाठी एरिक राइनहार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुचविलेली गणिती रीत तर उघडपणे ॲडम्स यांच्या झोन पद्धतीवरच आधारलेली आहे.

जुनी छायाचित्रे व पडदा : या तुलनेला केवळ तांत्रिक महत्त्व आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक छायाचित्रे आता अभ्यासकांना व सामान्य वाचकांना पडद्यावरच भेटतात. मूळ प्रती प्रकाशाने खराब होत असल्यामुळे संग्रहालयांत त्या सु. ५० लक्स इतक्या मंद उजेडात मांडण्याची प्रथा आहे. त्या उजेडात स्वच्छ पांढऱ्या कागदाची दीप्तीदेखील सु. १४ कँडेला प्रती चौ. मी. एवढीच असते, पिवळट पडलेल्या जुन्या कागदाची त्याहूनही कमी. तेच चित्र ५०० कँडेला प्रती चौ. मी. दीप्तीच्या भ्रमणध्वनीवर पाहणाऱ्यास पांढरा भाग पस्तीसपटींहून अधिक तेजस्वी मिळतो. शिवाय पडद्याचा पूर्ण पल्ला वापरला जावा म्हणून आपोआप संस्कार करणाऱ्या यंत्रणा कागदाचा पिवळसर रंग शुद्ध पांढरा व तपकिरी काळा शुद्ध काळा करून टाकतात. मग टॅल्बट यांच्या काळातील मृदू निस्तेज प्रत आणि विसाव्या शतकातील चकचकीत प्रत यांतील भेद पुसला जातो. प्रत कोणत्या कागदावर होती, ती किती विटली आहे आणि छायाचित्रकाराने सावलीतील बारकावे मुद्दाम झाकले होते की काळानेच ते पुसले, हे ठरविण्याची साधने त्यामुळे नष्ट होतात.

म्हणून प्रतींची अंकीय नोंद करताना चित्राशेजारी ज्ञात घनतांची राखी पट्टी ठेवण्याचा प्रघात आहे. प्रतीतील काळा भाग किती काळा व पांढरा भाग किती पांढरा होता, हे त्या पट्टीशी ताडून केव्हाही काढता येते. पाहण्याचे साधन बदलले तरी मूळ प्रतीचा अरुंद पल्ला पुराव्याच्या रूपाने शिल्लक राहतो. अरुंद पल्ला हा कागदाचा दोष मानून तो पडद्यावर दुरुस्त करणे सोपे आहे. परंतु त्या पल्ल्यातच छायाचित्रकाराचे निर्णय, कागदाचे वय आणि त्या काळाचे तंत्र नोंदलेले असते. पडदा अधिक दाखवू शकतो म्हणून मूळ प्रतीत नसलेले तिच्यात दाखवू नये, ही मर्यादा पाळली तरच मूळ प्रत न पाहिलेल्या वाचकास तिची विश्वसनीय कल्पना येऊ शकते.